चिठ्ठी न निघालेल्यांचे काय?

आमची शाळा उर्दू माध्यमाची. घाटकोपर आणि साकीनाक्याच्या मधल्या टेकडीवर जी वस्ती आहे, तिथली मुले आमच्याकडे येतात. पाचवीच्या दोन तुकड्या मिळून सत्तरेक मुले-मुली, आणि त्यांतल्या निदान चाळीस जणांना एक परिच्छेद सलग वाचता येत नाही. हे दुखणे दरवर्षीचे. तीन वर्षांपूर्वी आम्ही ठरवले की शाळा सुटल्यावर एक तास वाचनाचा वेगळा वर्ग घ्यायचा. खोली लहान, शिकवणारे आम्ही एकटे. वीसपेक्षा जास्त मुले बसवली तर तोही नेहमीसारखाच वर्ग होणार, म्हणून वीसच घ्यायची असे ठरले. कोणती वीस, हेही आम्हीच ठरवले.

वर्षअखेरीस ती मुले बरी वाचू लागली. पालकसभेत आमचे कौतुक झाले. आम्हीही ते मनापासून स्वीकारले, खोटे कशाला सांगा. मग गणित शिकवणाऱ्या एका सहकाऱ्याने चहा पिता पिता सहज विचारले, “ही वीस मुले तुमच्या वर्गामुळे वर आली, की वर येणारीच वीस मुले तुम्ही उचलली होती?” त्या वेळी राग आला. घरी गेल्यावर यादी काढून पाहिली, तेव्हा रागाची जागा शरमेने घेतली. यादीत ज्यांच्या आया सभेला येतात त्यांची मुले होती. रोज हजर असणारी होती, पुढच्या बाकावर बसून डोळ्यांत डोळे घालून पाहणारी होती. जी मुले महिन्यातून दहा दिवस गैरहजर, ज्यांच्या घरी विचारायला कुणी नाही, त्यांतले एकही नाव नव्हते. ज्यांना गरज सर्वांत जास्त, त्यांना आमच्या हाताने आम्हीच वगळले होते आणि वर त्याला यश म्हणून मिरवले होते.

बी.एड.ला संशोधन पद्धतीच्या पुस्तकात ‘प्रायोगिक गट’, ‘नियंत्रित गट’ आणि ‘यादृच्छिक निवड’ असे शब्द होते. आम्ही ते पाच गुणांसाठी पाठ केले आणि परीक्षेनंतर विसरलो. त्यांचा अर्थ त्या रात्री कळला. एखाद्या उपायाचा गुण येतो की नाही हे पाहायचे असेल तर उपाय कुणाला द्यायचा हे माणसाच्या पसंतीवर सोडता येत नाही. कारण पसंती आंधळी नसते. तिला आधीच दिसत असते कोण टिकणार आणि कोण गळणार. ती नकळत टिकणाऱ्यांना निवडते, आणि मग त्यांच्या टिकण्याचे श्रेय उपायाला देते. चिठ्ठी मात्र कुणाची आई सभेला येते हे पाहत नाही.

ही चूक आम्हा लहान माणसांचीच नव्हे. अबू बक्र अल-राझी यांचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते. रय्यचे राहणारे, बगदादच्या रुग्णालयाचे प्रमुख झालेले, दहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या जगातले बहुधा सर्वांत मोठे वैद्य. ‘अल-हावी’ या त्यांच्या महाग्रंथात सरसाम, म्हणजे मेंदूज्वराच्या रोग्यांविषयी एक नोंद आहे. काही रोग्यांचे रक्त त्यांनी काढले, आणि दुसऱ्या काहींचे जाणूनबुजून काढले नाही, तुलनेने निष्कर्ष कळावा म्हणून. हजार-अकराशे वर्षांपूर्वी तुलनेची गरज त्यांना कळली होती, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण त्यांचा निष्कर्ष रक्त काढण्याच्या बाजूने पडला, आणि आज आपण जाणतो की रक्त काढून मेंदूज्वर बरा होत नाही. कुणाचे रक्त काढायचे हे चिठ्ठीने ठरले नव्हते. एवढ्या मोठ्या माणसाची नजरही नजरच होती. त्या नोंदीत आणखी एक गोष्ट टोचते. ज्यांना त्यांनी ‘जाणूनबुजून’ तसेच ठेवले, ते रोगी कोण होते? राझींना वाटत होते की रक्त काढणे हाच उपाय आहे. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या समजुतीप्रमाणे त्यांनी काही माणसांना उपायाविना ठेवले होते. चिठ्ठी आली की पक्षपाताचा प्रश्न सुटतो, हा दुसरा प्रश्न सुटत नाही.

विसाव्या शतकात या पद्धतीला मान मिळाला तो इंग्लंडमधल्या क्षयरोगाच्या एका चाचणीमुळे. महायुद्ध नुकतेच संपले होते. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध अमेरिकेतून यायचे, आणि ते आणायला डॉलर नव्हते. जेवढे आले ते सगळ्यांना पुरणारे नव्हतेच. तेव्हा ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञांनी बंद पाकिटांतून ठरवले की कोणत्या रोग्याला औषध आणि कोणाला फक्त अंथरुणातली विश्रांती. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ दगावले, न मिळालेल्या ५२ पैकी १४. निकाल १९४८ साली छापला गेला. ते आकडे वाचून अंगावर काटा येतो, पण अन्याय झाला असे म्हणवत नाही. औषध खरोखरच अपुरे होते, आणि ते लागू पडेल की नाही हे खरोखरच कुणाला ठाऊक नव्हते. नाहीतर ते ओळखीच्या, वजनदार माणसांकडे गेले असते, आणि कुणाला काही कळलेही नसते. एक गोष्ट मात्र खटकते. विश्रांतीच्या गटातल्या रोग्यांना आपण चाचणीत आहोत हे सांगितलेच नव्हते.

आपल्या वाचकांना चिठ्ठी नवी नाही. हजच्या अर्जांचा कुर्रा दरवर्षी निघतो आणि मोहल्ल्यात कुणाकडे मिठाई तर कुणाकडे खिन्नता येते. म्हाडाच्या घरांची सोडत असते. शिक्षण हक्काच्या पंचवीस टक्के जागांसाठी सोडत असते. २०१७ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागात दोन उमेदवारांना सारखी मते पडली, तेव्हा चिठ्ठी काढून नगरसेवक ठरला. मराठीत तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण त्यात एक पळवाटही आहे. चिठ्ठ्या माणसाने लिहिल्या, डबा माणसाने हलवला, आणि नाव मात्र ईश्वराचे.

आमच्या काही नातेवाइकांना चिठ्ठी म्हटली की जुगार आठवतो. कुरआनात सूरा माइदामध्ये बाणांनी नशीब काढण्याला शराब आणि जुगाराच्या रांगेत बसवले आहे, हे खरे. पण त्याच कुरआनात हजरत मरियमचा सांभाळ कोणी करायचा हे ठरवण्यासाठी कलमे टाकल्याचा उल्लेख आहे. हजरत युनूस ज्या जहाजावर होते तिथेही कुर्रा पडला होता. आणि हजरत आयशांची रिवायत सर्वांना ठाऊक आहे की पैगंबर (स.) सफरीला निघताना कोणत्या पत्नीला सोबत न्यायचे हे कुर्रा टाकून ठरवीत. फरक असा दिसतो की जुगारात ज्यावर आपला हक्कच नाही ते मिळवायला नशिबाला हाक मारली जाते, आणि कुर्ऱ्यात हक्क सगळ्यांचा सारखा असतो, वस्तू मात्र एकाच्याच वाट्याला येऊ शकते. हजच्या कुर्ऱ्यातही वयोवृद्धांना वेगळे काढून आधी जागा देतात, कारण त्यांचा हक्क इतरांच्या बरोबरीचा मानलेला नाही, जास्त मानला आहे.

एक हदीस मात्र आम्हाला या संदर्भात फार दिवस सतावत राहिली. सहीह मुस्लिममध्ये आहे. एका माणसाने मरताना आपले सहाही गुलाम आझाद केले. त्याच्यापाशी दुसरी काही मालमत्ता नव्हती, आणि वसियत एक तृतीयांशापलीकडे चालत नाही. पैगंबरांनी (स.) सहांचे तीन गट केले, कुर्रा टाकला, दोघांना आझाद केले आणि चौघे गुलाम राहिले. इमाम शाफईंनी हा कुर्रा प्रमाण मानला. इमाम अबू हनीफांना ते पटले नाही. त्यांचे म्हणणे असे की हक्क सहांचा आहे, तेव्हा प्रत्येकाचा एक तृतीयांश हिस्सा आझाद झाला असे समजावे आणि उरलेल्या हिश्श्याची किंमत प्रत्येकाने मेहनत करून फेडावी. कोकणातले आपले बहुतेक वाचक शाफई आणि देशावरचे हनफी, त्यामुळे हा वाद आपल्या दोन्ही घरांत वस्तीला आहे असे म्हणायला हरकत नाही. काहींना पूर्ण द्यायचे आणि काहींना काहीच नाही, की सर्वांना थोडे थोडे? शाफईंच्या वाटेने दोन माणसे त्याच दिवशी पूर्ण माणसे होतात. हनफी वाटेने एकही माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. कित्येक दिवस आम्ही स्वतःला विचारत होतो की या चौघांतला एक आपण असतो तर कोणत्या इमामाकडे गेलो असतो. उत्तर सोपे आहे. पण दोघांतला एक असतो तर?

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न आमच्याच मुंबईत विचारला गेला होता. २००१ ते २००३ या काळात ‘प्रथम’ संस्थेचा बालसखी कार्यक्रम मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांत तपासला गेला. वस्तीतलीच, शालेय शिक्षण पुरे केलेली तरुण मुलगी महिना पाचशे ते साडेसातशे रुपयांवर नेमायची. तिने मागे पडलेली वीसेक मुले रोज दोन तास वेगळी बसवून त्यांना अक्षर आणि अंक शिकवायचे. तपासणारे अर्थशास्त्रज्ञ होते अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन. यांतले बॅनर्जी मुंबईत जन्मलेले, त्यांची आई मराठी. पुढे २०१९ साली बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह नोबेल मिळाले, ते याच पद्धतीच्या कामासाठी. त्यांनी एका शाळेत एका इयत्तेला बालसखी दिली, दुसऱ्या शाळेत दुसऱ्या इयत्तेला, आणि कुठे कोणती हे चिठ्ठीवर सोडले. या शाळेतली तिसरी त्या शाळेतल्या तिसरीशी ताडून पाहायची. म्हणजे शाळेला काहीतरी मिळाले, तुलनाही झाली. शाफई आणि हनफी यांच्यात जणू सुलह घडवली.

निकाल २००७ साली छापून आला. कार्यक्रमातल्या सर्व मुलांचे सरासरी गुण ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले, आणि वाढ मुख्यतः सर्वांत मागच्या मुलांची होती. शिक्षकांच्या दृष्टीने त्यातला दुसरा भाग आम्हाला अधिक बोचला. मागची मुले बालसखीकडे गेल्यावर जी मुले शिक्षकांकडे उरली, त्यांचा वर्ग लहान झाला, तरी त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही. ‘वर्गात मुले कमी करा, मग बघा आम्ही कसे शिकवतो’, असे आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे म्हणत आलो आहोत. आणि तिसरा भाग असा की कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर वाढ ०.१० पर्यंत ओसरली. चिठ्ठी काढली नसती तर यांतले काहीच कळले नसते. आमच्यासारखाच एखादा पालकसभेत टाळ्या घेऊन घरी गेला असता.

इथवर आम्ही चिठ्ठीच्या बाजूचे आहोत. अडते ते पुढे.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत पस्तीस ते चौसष्ट वयाच्या दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. वस्त्यांचे वीस गट केले. दहा गटांतल्या बायकांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, गर्भाशयमुखाची तपासणी झाली. ती व्हिनेगर लावून करता येते, आणि ती करणाऱ्या होत्या निदान दहावी शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. शिवाय हाताने स्तनांची तपासणी. उरलेल्या दहा गटांतल्या ७६,१७८ बायकांना सुरुवातीला एकदा कर्करोगाची माहिती सांगितली गेली, तपासणी नाही. चिठ्ठी बाईची निघाली नव्हती, वस्तीची निघाली होती. नाल्याच्या अलीकडची तपासली जाणार आणि पलीकडची नाही, असे काहीसे.

२०१३ साली निकाल जाहीर झाला. तपासणी झालेल्या वस्त्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते. जगभर वाहवा झाली. पुढच्या वर्षी ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये एरिक सुबा या अमेरिकन डॉक्टरांनी कडक शब्दांत विचारले की अशा तपासणीने जीव वाचतात हे जगाला अनेक दशके ठाऊक असताना इतक्या बायकांना तपासणीविना ठेवून मृत्यू मोजत बसण्याची गरज काय होती? पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा होता, आणि अमेरिकेत असा अभ्यास कुणी होऊ दिला नसता. संशोधकांचे उत्तरही पोकळ नव्हते. पाश्चात्त्यांची तपासणी प्रयोगशाळेची, आपल्या देशाला न परवडणारी. व्हिनेगरची सोपी तपासणी आरोग्यसेविकेच्या हातून झाली तर मृत्यू घटतात याचा पुरावा त्यांना हवा होता. आणि त्या दहा गटांतल्या बायकांना जे मिळाले नाही ते मुंबईतल्या इतर गरीब बायकांनाही मिळत नव्हतेच. पुढे २०१६ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी याच तपासणीची मार्गदर्शिका काढली, ती अशा पुराव्याच्या जोरावरच.

दोन्ही बाजू वाचून आम्ही बराच काळ डळमळत राहिलो. स्तनांच्या तपासणीचा निकाल २०२१ मध्ये आला, तेव्हा डळमळ वाढली. पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले, पण पन्नाशीच्या आतल्या बायकांना फायदा दिसला नाही. त्याच वस्त्या, त्याच आरोग्यसेविका, तीच चिठ्ठी. तपासणी म्हणजे चांगलीच, असे समजून सगळीकडे पसरवली असती तर तरुण बायकांची धावपळ आणि भीती फुकट गेली असती. तेव्हा ‘ठाऊक होते’ हा शब्द जपून वापरावा लागतो.

तरीही आमचे मन गर्भाशयमुखाच्या बाबतीत सुबा यांच्याकडे झुकते. लंडनमध्ये स्ट्रेप्टोमायसिन कमी होते. मुंबईत व्हिनेगर कमी नव्हते. कमी होती ती सरकारची इच्छा, आणि पुराव्याशिवाय ती जागी होत नाही म्हणून पुरावा गोळा करायचा होता. म्हणजे इच्छाशक्तीच्या दुष्काळाची किंमत नाल्यापलीकडच्या बायकांनी मोजली. त्यांना तपासणी नाहीतरी मिळतच नव्हती, हे खरे. पण जो आधीच वंचित आहे त्याला वंचित ठेवण्यात नवे काही बिघडत नाही, हा तर्क एकदा मान्य केला की चिठ्ठ्या नेहमी आमच्याच वस्त्यांत पडणार. कफ परेडमध्ये असा अभ्यास होत नाही, कारण तिथल्या बाईला काहीच न मिळणे ही नेहमीची गोष्ट नसते.

आता पुन्हा आमच्या पाचवीकडे, कारण दुसऱ्याला दोष देणे सोपे असते.

दुसऱ्या वर्षी आम्ही चाळीस नावांच्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि मुलांसमोर वीस काढल्या. चौथ्या दिवशी एका मुलीची आई आली. घरी बसून इमिटेशन दागिन्यांचे खडे चिकटवण्याचे काम करते, त्यामुळे सभेला कधी येत नाही. म्हणजे पहिल्या वर्षीच्या आमच्या यादीत तिची मुलगी कधीच आली नसती. ती म्हणाली, “टीचर, पिछले साल आपने खुद चुना था, तो झगडने को कोई तो था. इस साल किससे झगडूं? डब्बे से?” आम्ही नशीब हा शब्द उच्चारणार, तोच तिने हात वर केला. “नसीब मत बोलना. डब्बा आप लाये थे.”

तिला काय सांगायचे? मुलगी एकविसावी म्हणून घेतली असती तर उद्या बाविसावी आई आली असती, आणि नुसती तीच मुले आत आली असती ज्यांच्या आयांना भांडता येते. सगळ्या चाळिसांना अर्धा अर्धा तास दिला असता, तर एका माणसाच्या हातून चाळिसांतला एकही वाचायला शिकला नसता, असे आम्हाला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. आम्ही तिला सांगितले की दिवाळीच्या सुट्टीनंतर गट बदलतील, उरलेल्या वीस जणांची पाळी तेव्हा येईल, मुलगी दुसऱ्या यादीत पहिल्याच क्रमांकावर आहे. ती गप्प झाली. पटले म्हणून की थकून, ते कळले नाही.

सुट्टीपूर्वी दोन्ही गटांचे वाचन घेतले. चिठ्ठी निघालेल्यांची प्रगती अधिक होती, पण चिठ्ठी न निघालेलीही काही मुले नेहमीच्या वर्गातच सुधारली होती. फरक होता, पण आदल्या वर्षी ज्यासाठी टाळ्या मिळाल्या त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. सहकाऱ्याला आकडे दाखवले. तो काही बोलला नाही, आणि त्याबद्दल आम्ही त्याचे आभारी आहोत.

नोव्हेंबरात दुसऱ्या गटाला बोलावले तेव्हा एकोणीस मुले आली. त्या मुलीच्या घरच्यांचा भाड्याचा अकरा महिन्यांचा करार संपला होता आणि ते खोली सोडून गेले होते. कुणी म्हणाले मुंब्र्याला, कुणी म्हणाले नालासोपाऱ्याला. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला अजून कुणी आलेले नाही. हजेरीवहीत तिचे नाव होते, आणि वाचनवर्गाच्या यादीतही, पहिल्या क्रमांकावर. विसावी जागा भरायला मुले होती. पाचवीतलीच एक मुलगी रोज दाराशी येऊन उभी राही. तिला घेण्यापूर्वी आम्ही तीन दिवस ते नाव खोडले नाही.